पाटी डॉक्टरांची, मागे कंपनी : दातांच्या दवाखान्यांचं 'डीएसओ' प्रकरण नेमकं काय आहे?

धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये विचारा किंवा जळगावच्या नवीपेठेत, दातांचा दवाखाना सांगताना लोक क्लिनिकचं नाव घेत नाहीत, डॉक्टरांचं आडनाव घेतात. "पाटलांकडे दाखव." "चौधरींकडे कॅप बसवली होती, दहा वर्षं झाली, अजून हलली नाही." दुकान असो की दवाखाना, खानदेशात माणसाच्या नावावर गिऱ्हाईक येतं. सोन्याच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या जळगावकरांना तर हे वेगळं सांगायला नको.

आता समजा, त्याच पाटीखाली एक दिवस बारीक अक्षरात आणखी एक ओळ आली. अमुक-अमुक समूहाशी संलग्न. डॉक्टर तेच, खुर्ची तीच, बाहेर बसणारी रिसेप्शनिस्टही तीच. पण बिल नव्या सॉफ्टवेअरवर निघतं, अपॉइंटमेंटचा फोन दुसऱ्याच शहरात उचलला जातो आणि रूट कॅनाल झाल्यावर 'रेटिंग द्या' म्हणून मेसेज येतो.

दवाखाना विकला गेला का? तर नाही. विकला गेला नाही का? तर तसंही ठामपणे सांगता येत नाही. या मधल्या अवस्थेला डेंटल सपोर्ट ऑर्गनायझेशन, थोडक्यात डीएसओ म्हणतात.

डीएसओ करते काय?

दातांच्या डॉक्टरचं काम दोन भागांत वाटता येतं. एक काम तोंडाच्या आत चालतं, दुसरं तोंडाच्या बाहेर. तपासणी, निदान, दात वाचवायचा की काढायचा हे ठरवणं, प्रत्यक्ष उपचार करणं हे पहिलं काम. मटेरियलची खरेदी, पगार, हिशोब, जीएसटी, लॅबचा पाठपुरावा, मशीनची देखभाल, इन्शुरन्सची कागदपत्रं, जाहिरात, अपॉइंटमेंट हे दुसरं. डीएसओ म्हणते, पहिलं तुम्ही करा, दुसरं आमच्यावर सोडा. त्याबदल्यात ती फी घेते. कधी ठरलेली रक्कम, कधी जमा होणाऱ्या पैशांतला टक्का.

यात बरेच प्रकार आहेत. कुठे फक्त एकत्र खरेदी असते, बाकी सगळं डॉक्टरकडेच. कुठे पाटीवर दोन्ही नावं येतात. कुठे कंपनी दवाखान्यातला हिस्सा विकत घेते आणि डॉक्टर भागीदार होतो. आणि सगळ्यात टोकाला साखळी दवाखाना, म्हणजे पाटी कंपनीची आणि डॉक्टर पगारी. 'आम्ही तुमची ओळख तशीच ठेवतो' हे वाक्य पहिल्या तिन्ही प्रकारांत ऐकायला मिळतं, पण प्रत्येकात त्याचा अर्थ वेगळा असतो. खरी गोम इथेच आहे.

हे आलं कुठून?

अमेरिकेतून. तिथल्या बऱ्याच राज्यांत कायदा असा आहे की दातांच्या दवाखान्याची मालकी डेंटिस्टकडेच हवी, बाहेरच्या कंपनीला ती घेता येत नाही. गुंतवणूकदारांना तर या धंद्यात यायचं होतं. मग मार्ग निघाला. दवाखाना डॉक्टरचा, पण त्यातली खुर्ची, जागा, स्टाफ, सॉफ्टवेअर आणि हिशोब सांभाळणारी कंपनी वेगळी. दोघांमध्ये एक करार. म्हणजे 'ओळख कायम' ही गोष्ट तिथे निव्वळ आपुलकीतून आलेली नाही, कायद्यानेच ती भाग पाडली.

त्यातही दोन वाटा झाल्या. अॅस्पेन डेंटलने सगळीकडे एकच पाटी लावली. १९९७ मध्ये रिक वर्कमन या डेंटिस्टने इलिनॉय राज्यात सुरू केलेल्या हार्टलँड डेंटलने दवाखान्यांची स्थानिक नावं तशीच ठेवली. आज दीड हजारांहून जास्त दवाखाने तिच्या आधारावर चालतात आणि २०१८ पासून तिच्यात केकेआर या मोठ्या गुंतवणूक कंपनीचा बहुसंख्य वाटा आहे. गावातल्या पेशंटला मात्र पाटीवर डॉक्टरांचं नाव दिसतं, केकेआर दिसत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये तिथले साधारण १३ टक्के डेंटिस्ट अशा संस्थांशी जोडलेले होते. तरुण डॉक्टरांत हे प्रमाण जास्त आहे, कारण शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना स्वतःचा दवाखाना टाकणं अवघड जातं.

महाराष्ट्रात असं काही झालंय का?

दातांच्या बाबतीत आपल्याकडे आधी आल्या त्या एका पाटीच्या साखळ्या. दिल्लीकडची क्लोव्ह डेंटल, मुंबईची सबका डेंटिस्ट. त्यात डॉक्टरांचं आडनाव बाहेर नसतं. नाव टिकवून जोडून घेण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पाहिला तो शेजारच्या धंद्यांत, म्हणजे पॅथॉलॉजी लॅब आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये. दातांच्या डॉक्टरांनी अभ्यास करावा तर याच उदाहरणांचा.

मुंबईत डॉ. सुशील शहा यांनी उभी केलेली मेट्रोपोलिस लॅब वाढली ती गावोगावच्या नावाजलेल्या पॅथॉलॉजिस्टना सोबत घेऊन. सुरतेत देसाई मेट्रोपोलिस, केरळात सुधर्मा मेट्रोपोलिस आणि पुण्यात गोळविलकर मेट्रोपोलिस. स्थानिक नाव आधी, कंपनीचं नंतर. लोकांचा विश्वास गोळविलकर या नावावर होता, मेट्रोपोलिस हे नाव त्याला चिकटून घरात शिरलं. पुढे २०१९ मध्ये मेट्रोपोलिस शेअर बाजारात आली. आज पुण्यात डॉ. अजित गोळविलकर यांच्या कुटुंबाची लॅब आहे, तिचं नाव मात्र 'ए. जी. डायग्नोस्टिक्स' आहे. पूर्ण आडनाव नाही, फक्त आद्याक्षरं.

दुसरं उदाहरण वडाळ्याचं आदित्य ज्योत आय हॉस्पिटल. डोळ्यांच्या पडद्याच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. एस. नटराजन यांचं हे हॉस्पिटल चेन्नईच्या डॉ. अग्रवाल्स समूहाशी जोडलं गेलं, तरी आदित्य ज्योत हे नाव पुसलं गेलं नाही. समूहाचं नाव त्याच्या जोडीला आलं.

डोळे आणि लॅबच्या धंद्यात हे जमलं, कारण तिथे मशीन महाग आणि काम बरंचसं साचेबद्ध असतं. दातांचं काम अजूनही हाताचं आहे. एकाच दाढेसाठी दोन चांगले डॉक्टर दोन वेगळे सल्ले देऊ शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाचा दबाव इथे लपून बसायला जागा जास्त आहे.

जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरला याची गरज का वाटेल?

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर होती, धुळ्याची साडेवीस लाख. जळगावात १५ तालुके, धुळ्यात ४. धुळ्यात जवाहर मेडिकल फाउंडेशनचं अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे, म्हणजे डेंटिस्ट इथेच तयार होतात. बरेचसे दवाखाने एकट्या डॉक्टरचे किंवा नवरा-बायको दोघं डॉक्टर असलेले. चोपडा, शिरपूर, चाळीसगावात दवाखाना असला तर वेड्यावाकड्या दातांच्या तारांसाठी किंवा अवघड इम्प्लांटसाठी महिन्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरून तज्ज्ञ बोलवायचे, ही पद्धत जुनीच आहे.

काम भरपूर आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास चारपैकी एक प्रौढ तंबाखू चघळणारा निघाला. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण मध्य प्रदेश आणि गुजरातला लागून असलेल्या या पट्ट्यात महामार्गावर गुटखा पकडल्याच्या बातम्या काही थांबत नाहीत. तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, अशी तक्रार घेऊन तिशीतली पोरं येतात तेव्हा डॉक्टरला फक्त दात बघून चालत नाही.

आणि एकट्या डॉक्टरची दमछाक होते ती दुसऱ्याच गोष्टींत. एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कॉम्प्रेसर बिघडला तर मेकॅनिक, असिस्टंट सुट्टीवर गेली तर पर्यायी माणूस. जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढणारं सीबीसीटी मशीन एका दवाखान्याला परवडत नाही, दहा जणांना परवडतं. डॉक्टर आजारी पडला की दवाखाना बंद. साठी जवळ आली आणि मुलगा पुण्यात आयटीत असला, तर तीस वर्षांच्या नावाचं पुढे काय, हाही प्रश्न असतोच. डीएसओचा माणूस नेमका या ठिकाणी येऊन बसतो. तो सांगतो त्यातलं बरंच खरंही असतं.

मग हिशोब जमतो का?

इथे एक गोष्ट अमेरिकेच्या उदाहरणात दिसत नाही आणि भारतात खिशाला लागते. ती म्हणजे जीएसटी.

दुखण्यावरच्या उपचाराच्या बिलावर जीएसटी नाही, आरोग्यसेवा करमुक्त आहे. पण सपोर्ट कंपनी दवाखान्याला जी व्यवस्थापनाची सेवा देते, ती आरोग्यसेवा नाही. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. एखाद्या कारखान्याने असा कर भरला तर तो त्याची वजावट घेतो. दवाखान्याची स्वतःची सेवाच करमुक्त असल्याने त्याला ती वजावट मिळत नाही. कर सरळ खर्चात जातो.

एक नमुना हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दवाखान्यात महिन्याला ३ लाख रुपये जमा होतात. मटेरियल आणि लॅबचा खर्च ७५ हजार. डीएसओची फी १० टक्के, म्हणजे ३० हजार. त्यावर जीएसटी ५,४००. एकूण गेले ३५,४००. एकत्र खरेदीमुळे मटेरियल आणि लॅब १५ टक्के स्वस्त पडलं, तर वाचले ११,२५०. फरक उरला २४,१५० रुपयांचा.

हा खड्डा भरायचा तर दवाखान्याला महिन्याला साधारण ३६ हजारांचं जास्तीचं काम करावं लागेल, कारण जास्तीच्या कामावरही मटेरियल आणि फी आहेच. म्हणजे १२ टक्के वाढ, आणि तीही फक्त पूर्वीइतकीच कमाई हातात राहावी म्हणून. डॉक्टरचा रोजचा कारकुनीतला एक तास वाचला आणि त्या तासात नवे पेशंट झाले, तर हे सहज शक्य आहे. रिकाम्या खुर्चीच्या दवाखान्याला कदाचित फायद्याचंच ठरेल. आधीच गर्दी असलेल्या दवाखान्याला मात्र विचारावं लागेल की वाढीव ३६ हजार येणार कुठून. नवे पेशंट नसतील, तर मग आहेत त्याच पेशंटकडून. जिथे भरून भागत होतं तिथे रूट कॅनाल, जिथे थांबून बघता आलं असतं तिथे कॅप.

ही नुसती शंका नाही, हे घडलेलं आहे.

स्मॉल स्माइल्सचं प्रकरण

अमेरिकेत स्मॉल स्माइल्स नावाचे लहान मुलांच्या दातांचे दवाखाने होते. गरीब घरातली मुलं, बिल भरणार सरकारी मेडिकेड योजना. या दवाखान्यांचं व्यवस्थापन फोर्बा होल्डिंग्ज ही कंपनी करायची. मुलांवर गरज नसताना उपचार केले, दुधाच्या दातांच्या नसांवर काम करून वर स्टीलच्या कॅप बसवल्या, असे आरोप झाले. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने २.४ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. नाव बदललेली हीच कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटमधल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी अहवाल काढला, त्यात मुद्दा हाच होता की कागदावर मालक डेंटिस्ट, पण कारभार कंपनीच्या हातात. २०१४ मध्ये सरकारी योजनांतून तिला पाच वर्षांसाठी बाहेर काढण्यात आलं.

अॅस्पेन डेंटललाही २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलसोबत साडेचार लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तिथे आक्षेप होता तो दवाखान्यांच्या कारभारात शिरून नफ्यात वाटा घेतल्याचा.

सगळ्याच डीएसओ अशा असतात असं नाही. हार्टलँडसारख्या संस्थांशी जोडलेले हजारो डॉक्टर व्यवस्थित काम करतात. पण गडबड झाली तेव्हा ती एकाच ठिकाणाहून सुरू झाली. डॉक्टरच्या टेबलावर महिन्याचं टार्गेट आलं तिथून.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे भारताचा जुना कायदाही या बाबतीत कडक आहे. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये कंपनीने दंतवैद्यकीचा व्यवसाय करू नये, असं स्वतंत्र कलमच घातलेलं होतं. अपवाद कुणाला? फक्त दंतवैद्यकीचाच धंदा करणाऱ्या, संचालकांत बहुसंख्य आणि प्रत्यक्ष काम करणारे सगळे नोंदणीकृत डेंटिस्ट असलेल्या कंपनीला, शिवाय हॉस्पिटलसारख्या संस्थांना. हा कायदा बदलून त्या जागी नवी व्यवस्था आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नॅशनल डेंटल कमिशन अॅक्ट मंजूर केला. करार करणाऱ्या डॉक्टरने आज लागू काय आहे, हे वकिलाकडून लेखी घ्यावं. कंपनीच्या ब्रोशरवरून नाही.

डेंटिस्टसाठी आचारसंहिताही आहे, २०१४ ची. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं तिला मान्य नाही. म्हणून 'सेवेची फी' आणि 'आलेल्या प्रत्येक पेशंटमागे रक्कम' यांतला फरक करारात स्पष्ट हवा.

आणि उपचार चुकला तर? सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. त्यामुळे पेशंट जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, दोन वर्षांच्या आत. तिथे उभा राहणार तो डॉक्टर, ज्याच्या हातात हँडपीस होता. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणीही त्याच्याच नावावर असते. कंपनीच्या मॅनेजरने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणून सुटका होत नाही.

नाव कुणाचं राहतं?

पाटी तीच ठेवणं आणि नाव स्वतःचं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी कंपनीही तीच ठेवते, कारण ती तिच्या फायद्याची असते. प्रश्न असा की उद्या फाटलं तर ते नाव घेऊन कोण बाहेर पडणार?

ट्रेडमार्कमध्ये वैद्यकीय सेवांसाठी ४४ नंबरचा वर्ग आहे. दवाखान्याचं नाव डॉक्टरने आधीच स्वतःच्या नावे नोंदवलं, तर करारात ते कंपनीला 'वापरायला' देता येतं. नोंदवलं नसेल आणि करारात गुडविलसह ब्रँड हस्तांतरित केल्याचं वाक्य असेल, तर स्वतःचं आडनाव पाटीवर लावण्यावरूनही वाद उभा राहू शकतो. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. एका कॅपच्या आसपासची रक्कम.

याला जोडूनच एक कलम येतं. करार मोडला तर अमुक वर्षं, अमुक किलोमीटरच्या आत दवाखाना टाकायचा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की धंदा करायला मनाई करणारा करार रद्दबातल असतो. अनेक डॉक्टर एवढंच ऐकून निर्धास्त होतात. त्याच कलमात अपवाद आहे, गुडविल विकलं असेल तर ठरावीक हद्दीत वाजवी मनाई चालते. म्हणजे 'फक्त संलग्न झालो' आणि 'गुडविल विकलं' यांत आकाशपाताळाचा फरक. भुसावळात पंचवीस वर्षं काढलेल्या डॉक्टरला भुसावळ सोडून दवाखाना टाक म्हणणं म्हणजे शून्यावर आणणंच की.

तिसरी गोष्ट पेशंटची यादी. जुने एक्स-रे, फोन नंबर, कुणाची कोणती कॅप कधी बसवली. हे सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गेलं आणि करार संपल्यावर परत कसं मिळणार हे लिहिलेलं नसलं, तर डॉक्टरकडे पाटी राहते आणि पेशंट जातात. दवाखान्याचा मोबाइल नंबर आणि गुगलवरचं पेज कुणाच्या नावावर आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर पेशंटची माहिती दुसऱ्याला देताना संमतीचा प्रश्नही येतो.

आणि भाषा! "दात दुखस" म्हणत फोन करणाऱ्या साक्रीच्या आजीबाईला किंवा लेवा बोलीत बोलणाऱ्या रावेरच्या शेतकऱ्याला दुसऱ्या राज्यातल्या कॉल सेंटरवरून हिंदीत उत्तर मिळालं, तर ओळख कायम राहिली असं कुणी म्हणणार नाही. हे कुठल्या करारात लिहिलेलं नसतं.

कंपनीशिवाय हे जमतं का?

बऱ्यापैकी. पाच-सात डॉक्टरांनी मिळून मटेरियलची एकत्र ऑर्डर देणं, एक अकाउंटंट वाटून घेणं, सीबीसीटी मशीनसाठी भागीदारी करणं, एकमेकांच्या सुट्टीत पेशंट सांभाळणं. सहकार ज्या भागाच्या अंगवळणी पडलेला आहे तिथे ही कल्पना नवी नाही. अडचण एकच, एकाच बाजारपेठेतले डॉक्टर एकमेकांना आपला हिशोब दाखवायला तयार नसतात. कंपनीला मात्र सगळे दाखवतात.

पेशंटने काय बघायचं?

डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का ते बघा. तो पाटीवरच्याच डॉक्टरांचा आहे, की आज खुर्चीजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाचा? उपचार कोण करणार हे आधी विचारा, नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा असू शकतो. मोठं काम सांगितलं तर खर्च लेखी घ्या, एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि दुखणं अगदीच असह्य नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बिल कुणाच्या नावाचं निघालंय हेही पाहून ठेवा, दवाखान्याच्या की कंपनीच्या. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर समोरच्या पक्षाच्या रकान्यात तेच नाव लिहावं लागतं. दोन्ही नावं असतील, तर दोन्ही.